गालिच्यावरचे मुकेसाहेब

आमच्या घरात दोन पुरुष राहत असत. एक हे, म्हणजे माझे यजमान, आणि दुसरे मुकेसाहेब. कपडे एकाचेच धुवावे लागत, तेवढाच काय तो फायदा.

मुकेसाहेब म्हणजे पुस्तकातले गुप्तहेर. अंगात राखाडी कोट, डावा खांदा जरासा वर चढलेला, आणि तोंडातून शब्द काढतील तर शपथ. कुठं खून झाला की साहेब यायचे, संशयितांना एका खोलीत बसवायचे आणि समोर खुर्ची टाकून गप्प राहायचे. इतके गप्प, की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकून ऐकून गुन्हेगाराचाच धीर सुटायचा आणि तो भडाभडा बोलून मोकळा व्हायचा. मग साहेब उठून त्याला पेलाभर पाणी द्यायचे आणि पोलिसांना आत घ्यायचे. झालं. एवढ्याशा भांडवलावर कपाटभर पुस्तकं निघाली, लोकांनी ती उशाखाली ठेवून वाचली, आणि पुढे त्यांचे सिनेमे झाले. त्या सिनेमांतले मुकेसाहेब म्हणजे आमचे हे.

त्याआधी हे नाटकात राजाच्या मागे भाला धरून उभे राहत. भाला धरणाऱ्याला वाक्यं नसतात. ह्यांची निवड त्यावरूनच झाली असणार, असं माझं म्हणणं. चेहऱ्यावरून झाली, असं ह्यांचं.

सिनेमा संपला की नट कोट उतरवून घरी येतो. ह्यांनीही कोट उतरवला, पण गप्प बसणं तेवढं अंगावर राहून गेलं. बाजारात लोक कुजबुजत बाजूला व्हायचे. दुकानदाराकडे हे नुसते बघत उभे राहिले, की तो न विचारता भाव उतरवायचा आणि वर कालच्या मापात खोट होती हेही सांगून टाकायचा. अशा माणसाला बोलायची गरज कशी वाटावी? घरातलं बोलण्याचं खातं माझ्याकडे आलं. ते मी, आपलं आपण सांगू नये, पण चोख सांभाळलं.

ह्यांचे सिनेमे थांबले तरी मुकेसाहेब काही थांबले नाहीत. नव्या नव्या दिग्दर्शकांनी त्यांना धरलं आणि जो तो त्यांना आपल्या मापाचं शिवायला लागला. एकानं साहेबांना भूत केलं. भिंतीतून आरपार जाणाऱ्याला बंद खोलीचं काय कौतुक, एवढा साधा प्रश्न कुणाला पडला नाही. एकानं त्यांच्या तोंडी गाणी घातली. एकात तर शेवटी खुनी म्हणून मुकेसाहेबच निघाले. त्या दिवशी हे घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. एकानं कार्टून काढलं, त्यात साहेब म्हणजे राखाडी कुत्रा. त्यावर मात्र हे म्हणाले, "कुत्रा निदान बोलत तरी नाही. त्यातल्या त्यात पुस्तकाला धरून आहे."

आणि मग आमच्या लेकीनं सिनेमा काढायचं ठरवलं.

लेक बरीच वर्षं दुसऱ्या दिग्दर्शकांच्या हाताखाली धावपळ करत होती. हा तिचा स्वतःचा पहिला. एका रविवारी जेवताना तिनं सांगून टाकलं.

"बाबा, मी मुकेसाहेब करतेय."

ह्यांनी मान वर केली. काय ती डोळ्यांतली चमक! पाठ ताठ झाली, डावा खांदा आपोआप वर गेला.

"तुम्ही नाही," लेक घाईघाईनं म्हणाली. "म्हणजे, ह्यातले मुकेसाहेब बाई आहेत."

खांदा खाली आला.

"तिचं इस्त्रीचं दुकान आहे. आणि ती बोलते."

"किती?" हे म्हणाले.

"खूप. थांबतच नाही. बोलून बोलून समोरच्याला इतकं जेरीस आणते, की शेवटी तोच म्हणतो, बाई, मीच केला खून, पण आता आवरा."

मी हसले. एकटीच.

"कोट काढलास. पुरुष काढलास. गप्प बसणं काढलंस." एका दमात एवढे शब्द मी बऱ्याच दिवसांत ऐकले नव्हते. "उरलं काय? पेलाभर पाणी?"

"हो, पाणीच," लेक म्हणाली. "बाबा, गुन्हेगाराला सगळेच गुप्तहेर पकडतात. पकडल्यावर त्याच्या घशाला कोरड पडली असेल, हे फक्त मुकेसाहेबांना सुचतं. माझ्यासाठी साहेब म्हणजे तेवढेच. बाकी सगळं शिंप्याचं काम."

"शिंप्याचं!" हे उठले आणि हात धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू होता.

नळ चालू ठेवून भागलं असतं तर प्रश्न नव्हता. पण हो म्हणायचं की नाही हे ह्यांच्याच हातात होतं. पुस्तकं लिहिणारे गृहस्थ कधीच वारले होते, हक्क प्रकाशकांकडे होते, आणि प्रकाशक भुताकुत्र्यांपायी वाचकांच्या शिव्या खाऊन दुधानं तोंड पोळलेले. ते लेकीला म्हणाले, "लोकांच्या लेखी मुकेसाहेब म्हणजे तुझे बाबा. त्यांचं हो, तर माझं हो. नाहीतर नाव दुसरं शोध." आता दुसरं नाव म्हणजे काय? मुकेसाहेब बडबडे निघाले तर गंमत आहे. कुठलीही एक बाई बडबडली तर त्यात बघायला कोण येणार? ते तर घरोघरी चालू असतं. सगळा सिनेमा त्या नावावर उभा होता. चित्रीकरण निम्मं झालं तरी ह्यांचं हो नाही आणि नाहीही नाही. लेक रोज चहाच्या कपावरून ह्यांच्या तोंडाकडे बघायची. शेवटी हे म्हणाले, "एक दिवस येऊन बघतो. त्या संध्याकाळी सांगतो."

मी मात्र आधीपासूनच तिथं जात होते. मुकेसाहेबांचं काम करणारी नटी आमच्या घरी इस्त्री शिकायला यायची; तिला चुण्या न पाडता बाही करता येईना. सगळे तिला इस्त्रीबाईच म्हणायला लागले होते. तिचं काम पहिल्यांदा बघताना मला कसंसंच झालं. बोलता बोलता ती मध्येच स्वतःच्या कपाळावर हात मारून घ्यायची, "ते जाऊ दे, मी काय सांगत होते?" म्हणायची आणि भलतंच काही सांगत सुटायची.

"ही कुणासारखी बोलतेय गं?" मी लेकीला विचारलं.

लेकीला एकदम एक वायर सरळ करायची आठवण झाली.

"मी एवढी बोलते?" मी मोठ्यानं विचारलं.

झाडून सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. कॅमेरावाले भाऊजी ह्यांच्या सिनेमांपासून घरच्यासारखे, ते तेवढे म्हणाले, "नाही हो वहिनी. हिला अजून तेवढं जमत नाहीये."

ह्यांनी यायला निवडला तो दिवस नेमका त्या घरातला शेवटचा. घर भाड्यानं घेतलेलं होतं, संध्याकाळी मालक परत यायचे होते, आणि सिनेमातला सगळ्यात मोठा प्रसंग तिथं उरला होता. प्रसंग असा: इस्त्रीबाई कपडे पोचवायला एका श्रीमंत कारखानदाराकडे जातात. तो गालिच्यावर मरून पडलेला. इस्त्रीबाई किंचाळत नाहीत, कुणाला हाक मारत नाहीत. स्टूल ओढून त्याच्याशेजारी बसतात आणि त्याच्याशी गप्पा मारतात, कारण जिवंतपणी त्याच्याशी कुणी धड दोन शब्द बोललेलं नसतं. आणि त्या गप्पांतूनच त्यांना उमगतं की खून कुणी केला.

सकाळी लेकीनं फोन ठेवला आणि खालीच बसली. "प्रेताला उसण भरलीय."

"काय?" भाऊजी म्हणाले.

"बुटाची नाडी बांधायला वाकले आणि तसेच राहिले. आडवं होता येत नाहीये त्यांना."

"मेलेल्या माणसाला आडवं होता येत नाही म्हणजे कमाल झाली."

आता दुसरं प्रेत कुठून आणायचं? भाऊजी कॅमेऱ्यामागे हवेत. आवाजवाला हेडफोन सोडून हलू शकत नव्हता. रंगभूषाकार तरुण, आणि हसरा. तो मेला तरी कुणाला खरं वाटलं नसतं. सगळे एकमेकांकडे बघत असताना कोपऱ्यातून आवाज आला.

"मी पडतो."

हे सकाळपासून हाताची घडी घालून तिथं बसले होते. लेक बघतच राहिली. "बाबा, तुम्ही?"

"मेलेल्याला वाक्यं नसतात. मला सवय आहे." मग जरा थांबून म्हणाले, "नाहीतरी साहेबांना तुम्ही मारलेलंच आहे. प्रेत तरी ओळखीचं असू दे."

लेकीचा चेहरा उतरला. पण वेळ कुणाला होता? ह्यांना रेशमी झगा घातला, तोंडाला पांढरट रंग फासला आणि गालिच्यावर झोपवलं.

भाऊजींनी कॅमेऱ्याला डोळा लावला. "दादा, डावा खांदा खाली."

खांदा खाली गेला. कॅमेरा सुरू झाला. खांदा हळूहळू वर आला.

"बाबा, हे मुकेसाहेबांचं प्रेत नाहीये. कारखानदाराचं आहे."

"कारखानदाराचाही खांदा वर असू शकतो."

शेवटी मी गुडघ्यांवर बसले आणि झग्याची डावी बाही पिनेनं गालिच्याला टाचून टाकली. ह्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं.

"मेलेल्याला टोचत नाही," मी म्हणाले.

इस्त्रीबाई आल्या, स्टूल ओढलं, बसल्या, बोलायला लागल्या. छान रंगात आल्या होत्या. तेवढ्यात प्रेत म्हणालं, "खिडकी."

"कट! काय झालं बाबा?"

"खिडकीला आतून कडी आहे. हिनं बघितलीसुद्धा नाही. खुनी दारातून आला हे साहेबांनी पहिल्या नजरेत ओळखलं असतं."

"तिला ते नंतर कळतं."

"नंतर का?"

"कारण आत्ता ती तुमच्याशी बोलतेय. माणसाशी बोलताना ती खिडक्या बघत नाही."

ह्यांनी डोळे मिटले, पण पटलेलं नाही हे मिटल्या डोळ्यांनीही दिसत होतं. पुढच्या वेळी कारखानदाराच्या पुतण्याच्या कॉलरवरच्या शाईचा विषय निघाला आणि प्रेताची भुवई उडाली. त्याच्या पुढच्या वेळी प्रेतानं सुस्कारा सोडला. इस्त्रीबाई अगदी रडकुंडीला आल्या.

"काका, तुम्ही मला नापास करताय. तेही डोळे मिटून!"

"मी काही बोललो का?"

"तेच तर! न बोलता करताय!"

मग लेकीनं तोड काढली. कॅमेरा असा लावला, की इस्त्रीबाईंच्या पुढ्यात प्रेताचे फक्त पाय दिसावेत. "पायांना मत नसतं," ती म्हणाली. इस्त्रीबाईंनी सगळा प्रसंग एका झटक्यात केला, आणि तो इतका सुरेख झाला, की आवाजवाल्यानं हेडफोन काढून टाळ्या वाजवल्या. पायांनी त्या वाजवल्या नाहीत. इस्त्रीबाईंचं संध्याकाळी नाटक होतं. त्या माझ्या गळ्यात पडल्या, पायांकडे बघून "येते हं काका" म्हणाल्या आणि गेल्या.

आता उरला प्रेताचा चेहरा. चौकटीबाहेर इस्त्रीबाईंचं बोलणं चालू आहे आणि कॅमेरा हळूहळू मेलेल्या माणसाच्या तोंडाजवळ जातो आहे, अशी ती कल्पना. तो चेहरा नसेल तर इस्त्रीबाई गालिच्याशीच बोलत होत्या असं वाटलं असतं.

"मग घ्या की," मी म्हणाले. "बोलणं तिचं झालंय, ते वरून घालता येईल ना?"

"घालणारच आहे वहिनी," भाऊजी म्हणाले. "पण मला कॅमेरा बोलण्याच्या चालीवर सरकवायचाय. बाई श्वासाला थांबली की मी थांबणार. समोर कुणीतरी बोलायला हवं."

आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी चष्मा लावला, कागद घेतला, स्टुलावर बसले आणि वाचायला लागले. शाळेत बाईंनी उभं करून धडा वाचायला लावावा तसं झालं ते. शब्द ठेचकाळत होते, त्यांच्यामागून भाऊजींचा कॅमेरा गचके खात होता.

"मेलोय ते बरं," प्रेत म्हणालं. "हे वाचन तेवढं आवरा."

लेकीनं माझ्या हातातून कागद काढून घेतला. "आई, कागद राहू दे. तू आपली घरी बोलतेस तशी बोल."

"पण काय बोलू?"

"काहीही. तुझा आवाज मी नंतर काढूनच टाकणार आहे."

"म्हणजे कुणी ऐकणार नाही?"

"कुणीसुद्धा नाही."

"मग सोपं आहे," मी म्हणाले. "मलाही सवय आहे."

लेकीनं खूण केली. भाऊजी सज्ज झाले. मी ह्यांच्याकडे पाहिलं. रंग फासलेला चेहरा, मिटलेले डोळे. तसे हे रोज आरामखुर्चीत दिसतातच, रंग तेवढा जास्त होता.

"खालच्या बाईंनी मांजर आणलंय," मी म्हणाले.

"हं."

"पांढरं आहे, पण भित्रं. जिना चढायला घाबरतं. खालच्या पायरीवर बसून वर बघत ओरडत राहतं. त्या बाई म्हणतात, उचलून नेते. मी म्हटलं, नेऊ नका, जन्मभर नेत बसाल."

"हं."

"एकाला उचलून न्यायची सवय झाली की तो चालायचा थांबतो. माणसांचंही तसंच. तुमच्या वाटचं बोलणं मी उचलून नेत गेले, तुम्ही बोलायचे थांबलात. तक्रार नाही हो. मला बोलायला आवडतं. ते जाऊ दे, मी काय सांगत होते?"

"हं."

"हां, लेकीचं. शाळेत भाषणाचं बक्षीस मिळालं होतं तिला. पळत पळत आली घरी, तुमच्यासमोर ते धरून उभी राहिली. तुम्ही बघितलंत नुसतं. ते तुमचं बघणं! पोरीला वाटलं, आपल्या हातून काहीतरी घडलंय. घाबरून तिनं कबूल करून टाकलं की साखरेची बरणी तिनं फोडली. तुम्हाला तर बरणी फुटल्याचा पत्ताही नव्हता. बक्षीस राहिलं बाजूला आणि ती रडायला लागली. मी स्वयंपाकघरातून येऊन बघते, तर समोर साहेब बसलेले. बाबा कुठं गेले होते कोण जाणे."

मी आणखी थोडं मांजरावर बोलले आणि श्वास घ्यायला थांबले.

लेकीनं कट म्हटलं नव्हतं. भाऊजींचे खांदे गदगदत होते. आवाजवाल्यानं तोंडात रुमाल कोंबला होता. माझं बोलणं इतकं गमतीचं असतं हे मला नव्यानंच कळत होतं.

"बाबा," लेक म्हणाली, "तुम्ही बोललात."

"मी?" प्रेत उठून बसायला गेलं, पिनेनं मागे ओढलं. "शक्यच नाही."

"प्रत्येक वेळी आई थांबली की बोललात."

"ओठसुद्धा हलले नाहीत माझे!"

"नाहीच बोलले हे," मीही म्हणाले. खरंच सांगते, मी शपथेवर साक्ष दिली असती. रोजच्या घड्याळाची टिकटिक कुणाला ऐकू येते का? इतकी वर्षं मी बोलत होते, मध्ये मध्ये हं होत होतं, ते ह्यांच्या तोंडून निघतं हे ह्यांना ठाऊक नव्हतं आणि माझ्या कानांत शिरत नव्हतं.

आवाजवाला उठला, ह्यांच्याजवळ मांडी घालून बसला आणि त्यानं हेडफोन ह्यांच्या कानांना लावले.

हे ऐकत होते. आधी कपाळावर आठी होती. मग ती गेली. मग त्यांनी खूण केली, परत लाव. परत ऐकलं. आम्हाला काही ऐकू येत नव्हतं, पण मी कुठं पोचले असेन ते मला ह्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं: आता मांजर, आता जिना, आता बरणी.

हेडफोन काढून ह्यांनी लेकीला विचारलं, "कुठली बरणी?"

"निळ्या झाकणाची."

"मी विचारलं होतं काही?"

"नाही. नुसतं बघितलंत."

"मी बक्षीस बघत होतो," हे म्हणाले. "त्यावर तुझं नाव छापलेलं होतं. काय बोलावं ते जुळवत होतो. तेवढ्यात तू बरणीवर गेलीस."

लेकीनं नाक ओढलं. भाऊजींना शांतता झेपत नाही, ते म्हणाले, "आता ह्या हंचं करायचं काय?"

"ठेवणार आहे मी सिनेमात," लेक म्हणाली.

"काहीतरीच!" हे एकदम उसळले. "मेलेला माणूस हं कसा म्हणेल?"

"लग्न झालेला असेल," भाऊजी म्हणाले.

आवाजवाला जमिनीवर लोळला. हेही गालातल्या गालात हसले असावेत, पण रंगाचा थर जाड होता, पैजेवर सांगता येणार नाही.

हसणं ओसरल्यावर लेक ह्यांच्यासमोर उकिडवी बसली. बाहेर उन्हं उतरायला लागली होती. "बाबा, संध्याकाळ झाली. नावाचं काय?"

"आधी एक टेक चांगला घे," हे म्हणाले. "मी अजून नीट मेलो नाही."

परत सगळे जागेवर गेले. मी बाही परत टाचली. कॅमेरा सुरू झाला, लेकीनं खूण केली, मी तोंड उघडलं आणि शब्द फुटेना.

आता ते कुणीतरी ऐकणार होतं ना! आपल्या बोलण्याला कान आहेत म्हटल्यावर बोलायचं काय? मांजर सांगून झालं होतं. आणखी काय काय आठवलं, पण सगळंच ऐकवण्याजोगं वाटेना. एकच गोष्ट मनात होती, ती मी विचारून टाकली.

"लेकीला काय सांगणार आहात?"

आणि मी गप्प बसले.

खोलीत घड्याळ होतं. मला दिवसभर ते दिसलंही नव्हतं. आता त्याची टिकटिक अगदी कानाशी आली. भाऊजी कॅमेऱ्यामागे पुतळा झाले होते. लेकीनं खालचा ओठ दातांत धरला होता.

प्रेताची भुवई हलली.

मी गप्प.

प्रेतानं घोट गिळला. खांदा वर यायला बघत होता, पिनेशी त्याची झटापट चालली होती.

"बोल की," प्रेत पुटपुटलं.

मी बोलले नाही. हट्टानं नव्हे हो. खरोखरच माझ्यापाशी दुसरं काही नव्हतं.

"अगं, काहीतरी बोल. अशी गप्प बसू नकोस. मला कसंतरी होतंय." डोळे घट्ट मिटलेले, कपाळावरच्या रंगातून घाम फुटलेला. "ते मांजर... ते मांजर वरच्या पायरीपर्यंत आलं का?"

मी नुसतं बघितलं. मिटल्या डोळ्यांना कसं दिसलं असेल ते देव जाणे, पण दिसलं.

"बरं, हो!" हे म्हणाले. "हो. वापरू दे नाव. मला कबूल आहे. उद्या प्रकाशकांना मी स्वतः फोन करतो, मी स्वतः बोलतो. साहेब तिचे आहेत आता. मला शिंप्याच्या कामाचा राग आला होता, कारण मला तेवढंच येतं. झालं? आता तरी बोल!"

लेक कट म्हणायचं विसरली. ती आली आणि गालिच्यावर ह्यांच्याशेजारी सरळ आडवी झाली, छताकडे तोंड करून. ह्यांचा मोकळा हात चाचपडत आला आणि तिच्या डोक्यावर जाऊन थांबला. बोललं कुणीच नाही. पण हे गप्प बसणं साहेबांचं नव्हतं, ते मला लांबूनही कळत होतं.

"फ्रेममध्ये दोन प्रेतं झाली," भाऊजी कॅमेऱ्यामागून म्हणाले. "कथेत बसतंय का?"

"बसवीन," लेक म्हणाली.

तेवढ्यात दार वाजलं आणि उघडलंच. घराचे मालक, हातात बॅग घेऊन. त्यांनी आपल्या दिवाणखान्यात पाहिलं: वायरींची जाळी, गालिच्यावर एक मुलगी, तिच्याशेजारी झग्यातला पांढराफटक म्हातारा. बॅग त्यांच्या हातातून सुटली. मग ते दोन पावलं पुढे आले, वाकले आणि त्यांचे डोळे मोठे झाले.

"अहो... मुकेसाहेब ना तुम्ही? लहानपणी तुमचा एक सिनेमा सोडला नव्हता मी! हे काय झालं?"

"मी नाही," हे झोपल्या झोपल्या म्हणाले. "मी कारखानदार. मुकेसाहेब त्या तिकडं, स्टुलावर बसल्यात त्या."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. इस्त्रीची घडी पडलेली माझी साधी साडी, नाकावर घसरलेला चष्मा, हातात पिनांची डबी. मग परत ह्यांच्याकडे पाहिलं.

"ह्या?"

"ह्याच," हे म्हणाले. "बसा ना. घाईत नाही ना तुम्ही?"